जुन्या हायस्कूलचं कौल एकदा उलटं करून बघा

नाशकात जुन्या दगडी शाळेचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "इंग्रजांचं काम आहे ते, म्हणून टिकलं." मला हे अर्धवट वाटतं.

मुळात हायस्कूल ही भानगडच नवी. त्याआधी पंतोजींची शाळा कुणाच्या ओसरीवर नाहीतर देवळात भरायची, तिला वेगळी इमारत कशाला लागतेय. १८५४ ला वूडचा खलिता, म्हणजे इंग्रजांचं हिंदुस्थानासाठीचं शिक्षणाचं धोरण, आला, खासगी शाळांनाही सरकारी ग्रँट द्यायचं ठरलं, १८५७ ला मुंबई विद्यापीठ निघालं आणि १८५९ ला पहिली मॅट्रिक झाली, त्या पहिल्याच बॅचमध्ये आपल्या निफाडात जन्मलेले न्यायमूर्ती रानडे होते. आता मॅट्रिकपर्यंत शिकवायचं म्हणजे इयत्तावार खोल्या, बाकं, फळे, घंटा. ओसरीत कुठून मावणार हे सगळं?

पण ओसरी गेली नाही हां. वाडा आत चौकाकडे तोंड करून बसतो, रस्त्याकडे त्याची नुसती भिंत. हायस्कूलने तीच ओसरी उचलून बाहेर काढली आणि तिचा व्हरांडा झाला. ऊन आणि पावसाची झड व्हरांड्यातच अडते, वर्गाची खिडकी उघडीच राहते. छप्पर उंच, भिंतीत वरती झडपा, त्यांना लोंबणारी दोरी (ती ओढायला आमच्यात मारामारी), गरम हवा वरून निघून जाते. पंखे नव्हते तेव्हाची सोय आहे ही, शोभा वगैरे नंतर.

सामान बघा आता. काळा दगड इथलाच, सह्याद्रीभर तोच. चुना बैलाच्या घाण्यात मळलेला, त्यात गूळ, हिरडा असलं काय काय घालायची गवंडी मंडळी, आणि तो दगड घडवणारे हातही इथलेच. बाहेरचं काय असेल तर कौल. आमच्या शाळेची कौलं एकदा परतायला काढली होती, तेव्हा एक उलटं करून बघितलं तर मागे उठावाच्या अक्षरात मंगलोरचं नाव! बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, आणि गंमत म्हणजे कसारा-इगतपुरी घाटातली रेल्वेही त्याच वर्षी सुरू झाली. म्हणजे तिकडून जहाजाने मुंबई आणि तिथून गाडीने घाट चढून माल थेट नाशिक रोडला, हा रस्ता तेव्हा मोकळा झाला. नाहीतर एवढी जड आणि ठिसूळ कौलं बैलगाडीने घाट चढवून आणणं कुणाला परवडलं असतं?

सावरकर भगूरहून नाशकात शिकायला आले, १९०१ ला मॅट्रिक झाले. कुसुमाग्रजांचं हायस्कूलही इथलंच, तेव्हाचं न्यू इंग्लिश स्कूल, आताचं रुंग्टा.

आमच्या वर्गाला आता फॉल्स सीलिंग लावलंय, एसीसाठी. छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या वर तशाच आहेत म्हणे, झडपा मात्र खिळे ठोकून बंद केल्यात.