कोठारे, गोठे आणि कॅमेरा

छायाचित्रणाच्या अगदी सुरुवातीलाच शेतावरचे जग कॅमेऱ्यापुढे आले होते. छायाचित्रणाचे एक आद्य संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या लेकॉक इथे, आपल्याच आवारातल्या एका उघड्या दाराचा फोटो घेतला. दाराशी तिरका टेकवलेला खराटा, बाजूला टांगलेला कंदील, आत काळोख. शिडी लावलेली गवताची गंजीही त्यांनी टिपली. मात्र वास्तूची नोंद करणे हा त्यांचा हेतू नव्हता. या नव्या कलेत काय काय शक्य आहे, ते त्यांना दाखवायचे होते.

नोंदीसाठी म्हणून फोटो काढायची वेळ आली, तेव्हा पहिला मान भव्य वास्तूंना मिळाला. १८५१ मध्ये फ्रान्समध्ये पाच छायाचित्रकार सरकारी कामगिरीवर निघाले, तेही ऐतिहासिक स्मारके टिपण्यासाठी. शेतकऱ्याच्या घराला ना नावाजलेला वास्तुरचनाकार, ना बांधणीची कोरलेली तारीख. घरधनी, सुतार आणि गवंडी यांनी गरजेप्रमाणे उभे केलेले आणि पिढ्यानपिढ्या वाढवत नेलेले ते बांधकाम. त्याची किंमत कळायला फार उशीर झाला, याची खंत वाटते.

कलाटणी मिळाली ती महामंदीत. १९३३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतले चार्ल्स पीटरसन यांनी बेकार वास्तुरचनाकारांना कामाला लावून देशातल्या जुन्या इमारतींची मोजमापे, आराखडे आणि छायाचित्रे जमवण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांच्या यादीत चर्च आणि किल्ल्यांच्या जोडीने धान्याची कोठारे, गिरण्या आणि शेतावरच्या लहानसहान इमारतीही होत्या. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वात मोलाचे पाऊल हेच. त्याच दशकात सत्तरीकडे झुकलेल्या छायाचित्रकार फ्रान्सेस बेंजामिन जॉन्स्टन दक्षिणेकडच्या राज्यांत हिंडल्या. हवेल्यांबरोबर साधी शेतघरे आणि पडायला आलेल्या झोपड्याही टिपत त्यांनी हजारो निगेटिव्ह जमवल्या.

पुढे यंत्रे आली आणि नोंद करण्याची घाई वाढली. युरोपातल्या जुन्या कोठारांना समोरासमोर दोन मोठी दारे असत आणि मधल्या जमिनीवर मळणी चाले. दोन्ही दारे उघडली की वारा आरपार जाई आणि उफणणी होई. कापणी-मळणी एकदमच करणारे यंत्र शेतात उतरले आणि त्या दारांचे, त्या जमिनीचे कामच संपले. रिकामी कोठारे ढासळू लागली, काहींची राहती घरे झाली. जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेखर या छायाचित्रकार दांपत्याने १९५९ पासून जीगन परिसरातली लाकडी सांगाड्याची घरे टिपायला घेतली. उजेड ढगाळ आणि कॅमेरा समोरासमोर, त्यामुळे एक घर दुसऱ्याशी ताडून पाहता येते. ती शेतकऱ्यांची नव्हे, बहुतेक कामगारांची घरे. पण शेतघरांची नोंद करणाऱ्यालाही ही पद्धत उपयोगी पडते.

दर्शनी बाजू तेवढी टिपून मात्र भागत नाही. तुळई आणि खांब जिथे जुळतात, तिथे सुतारांनी पटाशीने कोरलेल्या खुणा असतात. बहुधा रोमन आकड्यांसारख्या. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, मग सुटा करून पुन्हा उभा करायचा. कुठला सांधा कुठे बसवायचा, हे या खुणा सांगत. समोरून प्रकाश टाकला तर त्या लाकडात हरवून जातात. दिवा एका बाजूला, लाकडाला जवळजवळ चिकटवून धरला, की एकेक रेघ वर येते.