रखमाबाईंना घटस्फोट मिळाला नव्हता

मार्च महिना जवळ आला की शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत, ऑफिसच्या महिला दिनाच्या कार्यक्रमांत आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई यांची सरमिसळ सुरू होते. दोन बायकांची मिळून एकच गोष्ट तयार होते: लहानपणी लग्न लावून दिलेल्या मुलीने नवऱ्याला कोर्टात खेचले, घटस्फोट मिळवला, व्हिक्टोरिया राणीच्या हुकमाने ती सुटली आणि परदेशी शिकून भारतातली पहिली महिला डॉक्टर झाली. या एका वाक्यात चार चुका आहेत. त्यातली एक क्षुल्लक आहे. उरलेल्या तिन्ही एकाच खटल्याच्या आहेत आणि त्या दुरुस्त केल्याशिवाय रखमाबाईंनी काय केले हे कळतच नाही.

आनंदीबाईंचे चरित्र मराठी वाचकाला पाठ असते, म्हणून थोडक्यात. जन्म १८६५, कल्याण. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी लग्न. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिका, फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज, ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाचे काम पाहण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती, पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई तिथे रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

‘पहिली’चा वाद मी दोन ओळींत मिटवते. १८८६ मध्येच कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी प्रत्यक्ष रुग्ण तपासले. आनंदीबाईंना पदवी मिळाली, पण व्यवसाय करण्याइतके आयुष्य मिळाले नाही. रखमाबाई १८९४ मध्ये पात्र डॉक्टर झाल्या, म्हणजे या दोघींनंतर आठ वर्षांनी. त्यांनी मात्र तीन दशकांहून अधिक काळ डॉक्टरकी केली. एवढे लिहिले की पुरे. ‘पहिली’ हा शब्द गाळल्याने तिघींपैकी एकीचेही काही उणे होत नाही, आणि या शब्दापायी बाकीचे चरित्र झाकले जाते हे बघून मला दर वेळी वाईट वाटते. फोटोंचा घोळही असाच किरकोळ आहे. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासोबत साडीत बसलेली तरुणी म्हणजे आनंदीबाई. १८८५ चा तो फोटो रखमाबाईंच्या नावाखाली लावू नका.

आता खटला.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला, सुतार समाजातला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या लहानपणीच गेले. या समाजात विधवेचा पुनर्विवाह रूढ होता, म्हणून आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे सावत्र वडील मुंबईतले नामांकित डॉक्टर आणि वनस्पतीशास्त्राचे अभ्यासक होते, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. रखमाबाईंच्या नावे पुढे जे राऊत आडनाव लावले जाते ते त्यांचेच. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. दादाजी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे. लग्नानंतर त्या आईच्याच घरी राहिल्या आणि घरी वाचत, शिकत राहिल्या. दादाजींच्या घरी त्या कधीही नांदायला गेल्या नाहीत. हे ‘कधीही नाही’ लक्षात ठेवा, पुढे सगळे कायद्याचे गणित त्यावर फिरते.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. माझ्या बायकोला माझ्याकडे नांदायला पाठवावे, एवढीच त्यात मागणी होती. म्हणजे दादाजी वादी आणि रखमाबाई प्रतिवादी. त्यांनी कोर्टात काहीही मागितलेले नव्हते. न्या. पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे असे की असा दावा एकत्र राहून मग वेगळ्या झालेल्या नवराबायकोंसाठी असतो. जे सहजीवन सुरूच झाले नाही, ते ‘पुन्हा’ सुरू करून द्या असे म्हणता येत नाही. शिवाय असा दावा लावण्याची पद्धत मुळात इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आली होती. हिंदू कायद्यात बायकोला कोर्टाच्या बळावर ओढून नेण्याचा आधार त्यांना दिसेना.

बहुतेक भाषणे इथे टाळ्या घेऊन संपतात. खटला मात्र इथे संपला नाही. दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्या. बेली यांनी पिन्हींचा निर्णय उलटवला: आधी एकत्र राहिले होते की नाही याने फरक पडत नाही, लग्न झाले आहे, तेव्हा दावा चालवा. प्रकरण पुन्हा खालच्या पीठाकडे आले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूमनामा दिला की रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद. त्या वेळच्या दिवाणी कायद्यात अशा हुकूमनाम्यासाठी कैदेची तरतूद होती. रखमाबाईंनी कैद पत्करू, पण जाणार नाही असे सांगितले.

म्हणजे कायद्याच्या भाषेत रखमाबाई खटला हरल्या. हे वाक्य लिहायला लोक कचरतात, जणू हरलेली बाई प्रेरणादायी ठरत नाही. पण त्यांचे धैर्य नेमके इथे आहे. जिंकलेल्या निकालाच्या आधाराने उभे राहणे आणि विरुद्ध गेलेल्या निकालासमोर तुरुंगाची तयारी ठेवून उभे राहणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पिन्हींच्या निकालावर गोष्ट थांबवणारा लेखक तिचा कणाच काढून टाकतो.

मग सुटका कशी झाली? जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये दिले गेले आणि त्यांनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. हुकूमनामा रद्द झाला नाही आणि लग्नही मोडले नाही. दादाजींनी दुसरे लग्न केले. पुरुषाला तेव्हा त्यासाठी पहिले लग्न मोडावे लागत नसे. घटस्फोटाचा मार्ग त्या वेळच्या हिंदू कायद्यात नव्हताच. काही जातींत काडीमोडाची रूढी होती, ती वेगळी गोष्ट, आणि रखमाबाईंच्या प्रकरणात ती झाली नाही. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आला आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये, ज्या वर्षी रखमाबाई वारल्या. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली. ‘पहिला घटस्फोट’ सांगणारी गोष्ट ही साडी हटकून गाळते, कारण तिथे तिला उत्तर नसते.

राणीचे प्रकरण कुठून आले असावे हेही दिसते. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रखमाबाईंचे पत्र छापून आले. राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे होत होती. त्या निमित्ताने त्यांनी मागितले ते असे: मुलगा वीस वर्षांचा आणि मुलगी पंधरा वर्षांची होण्याआधी लागलेले लग्न कोर्टात आले, तर ते कायदेशीर धरू नये, एवढे एक वाक्य कायद्यात घाला. ही मागणी एका बाईच्या सुटकेपुरती नव्हती, ती सगळ्या मुलींसाठी होती. राणीने ती मान्य केली नाही. आज सांगितली जाते ती गोष्ट मात्र उलटी: मागणी फक्त स्वतःपुरती, आणि राणी दयाळू. यात रखमाबाईंची राजकीय बुद्धी पुसली जाते आणि श्रेय सिंहासनाला जाते. मला याची सर्वांत जास्त चीड येते.

खटल्यानंतर लगेच कायदा बदलला, असेही सरसकट लिहिले जाते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय दहावरून बारा केले. त्यामागे समाजसुधारक बेहरामजी मलबारींची बालविवाहाविरुद्धची मोहीम, रखमाबाईंच्या खटल्याने उठलेला गदारोळ आणि बंगालमध्ये फुलमणी दासी या कोवळ्या मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीने झालेला मृत्यू, असे सगळे होते. लग्नाच्या वयाला या कायद्याने हात लावला नाही. ते काम १९२९ च्या सारडा कायद्याने केले, तेही मुलींसाठी चौदाच. आणि नांदायला येण्याचा दावा? तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. म्हणून रखमाबाईंचा खटला जुना इतिहास म्हणून वाचू नये.

आता दोघींना शेजारी ठेवा. आनंदीबाईंची वाट बंद होती ती पैसा, प्रवास, धर्मांतराचा दबाव, जातीचा बहिष्कार आणि तब्येत यांनी. नवरा त्यांना शिकायला ढकलत होता. त्यांनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रात लहानपणी लाकडाने खाल्लेला मार आणि सोडून जाण्याच्या धमक्या आहेत, म्हणून ‘आदर्श पती’ ही चौकटही बाजूला ठेवावी. पण त्यांची लढाई लग्नाच्या आत राहून झाली. अमेरिकेला जाण्याआधी बंगालमधल्या सेरामपूरच्या भाषणात त्यांनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन असे जाहीर केले होते, आणि परदेशात साडी व शाकाहार सांभाळला. त्यामुळे सनातनी लोकांनाही त्यांना आपले म्हणता आले. टिळकांना आनंदीबाईंचे कौतुक होते. रखमाबाईंच्या बाजूला ते उभे राहिले नाहीत, उलट कडाडून विरोध केला. अडचण परदेशी शिक्षणाची असती, तर दोघींना सारखीच वागणूक मिळाली असती. रखमाबाईंनी लग्नालाच नकार दिला होता, आणि समोर कोर्टाचा हुकूम होता.

म्हणून अशी कोणतीही गोष्ट वाचताना, मुलांना वाचायला देताना किंवा भाषणासाठी घेताना आधी चार प्रश्न विचारावेत. कोर्ट असेल तर वादी कोण? मागितले काय होते? शेवटचा निकाल कोणता, आणि तो अमलात आला का? आणि सुटका झाली ती निकालाने, कायद्याने, पैशाने की नुसत्या चिवटपणाने? या चारांपैकी दोन उत्तरे लेखात नसतील, तर तो लेख फॉरवर्ड करू नका. तारखाही पाहा. ‘१८८५ मध्ये जिंकल्या’ एवढेच असेल, तर लेखकाने १८८६ आणि १८८७ वाचलेले नाही. मुलांसाठी गोष्ट सोपी करायला हरकत नाही, पण हरलेल्या निकालाला जिंकलेला करू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलीला ‘कोर्टाने जा म्हटले, ती नाही म्हणाली’ हे नीट कळते.

डॉक्टरकी त्यानंतरची. कामा हॉस्पिटलच्या डॉ. इडिथ पेची यांनी प्रोत्साहन दिले, इंग्लंडमधल्या समर्थकांनी पैसे उभे केले, आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनला गेल्या. १८९५ पासून सुरतच्या स्त्रियांच्या दवाखान्यात, पुढे राजकोटला. १९२९ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांनी पडदापद्धत बंद करावी म्हणून लेख लिहिला. खटल्यावरच थांबणाऱ्या भाषणांत ही वर्षे येतच नाहीत. विद्यार्थ्याच्या हातात पाच मिनिटे असतील, तर दोन खटल्याला आणि दोन सुरत-राजकोटला द्यावीत. आनंदीबाईंसाठी वेगळे भाषण करावे.