बावडा नेमका कोणता? कॅन्सरच्या नकाशामागची मोजदाद

केसपेपरवर पत्ता असतो, ‘मु. पो. बावडा, जि. कोल्हापूर’. हा शहराला चिकटलेला कसबा बावडा, की पन्नासेक किलोमीटरवर घाटमाथ्याला असलेला गगनबावडा? करवीर तालुक्याच्या दहा लाख लोकसंख्येतून एक रुग्ण निसटला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. गगनबावड्याच्या जेमतेम ३५ हजारांत मात्र एक जास्तीचा पडला की नकाशावरचा रंग बदलू शकतो. शिरोलीचीही तीच गत : पुलाची शिरोली हातकणंगल्यात, शिरोली दुमाला करवीरमध्ये. कागलला कसबा सांगाव आणि मौजे सांगाव. शिवाय ‘ता. जि. कोल्हापूर’ लिहिलं की तालुका करवीर समजायचा, हे मिरजेतल्या किंवा बेळगावातल्या नोंद करणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही.

जिल्ह्यात कॅन्सर कुठे किती, याचा नकाशा संगणकावर रंगवायला दुपार पुरते. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर ते करतं. त्याआधीचे कित्येक महिने अशा पत्त्यांमध्ये जातात. प्रत्येक पत्त्याला जनगणनेतला गावाचा सांकेतांक लावायचा. नावावर भिस्त ठेवायची नाही. रुग्ण उपचारापुरता बहिणीकडे राजारामपुरीत राहत असेल, तर तो राजारामपुरीचा धरायचा नाही. भारतातल्या लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणीत, म्हणजे ठरावीक भागातल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत, निदानाच्या वेळी त्या भागात किमान एक वर्ष राहत असलेल्यालाच रहिवासी मानतात. तेव्हा ‘गाव कुठलं?’ एवढं विचारून भागत नाही, ‘तिथे कधीपासून राहता?’ हेही विचारावं लागतं.

मग दुबार नोंदी. एखाद्या पाटील बाईंच्या गालाच्या आतल्या गाठीचा तुकडा कोल्हापुरात तपासला, शस्त्रक्रिया मिरजेत झाली, शेक (रेडिएशन) मुंबईत घेतला. तीन ठिकाणी तीन नोंदी, आणि वय एकीकडे ५५, दुसरीकडे ५८, तिसरीकडे सरळ ६०. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि आजाराची जागा एकत्र ताडून त्यांची एक नोंद करायची. पाटलांच्या गावात हे किती जिकिरीचं होतं, ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. आजाराची जागाही नीट बघावी लागते. यकृतात गाठ सापडली म्हणून यकृताचा कॅन्सर लिहिलेला असतो, पण मूळ आजार मोठ्या आतड्यात असतो.

उलट बाजूने नोंदी गळतातही. चंदगडचा माणूस उपचाराला बेळगावला किंवा गोव्याला जातो. फक्त कोल्हापूर शहरातल्या रुग्णालयांची कागदपत्रं गोळा केली तर चंदगड नकाशावर निरोगी दिसेल. जिल्ह्याच्या कडेचे तालुके फिके आणि मधला भाग गडद, असा नकाशा कुणी पुढे केला तर आधी शंका कागदपत्रांची घ्यावी, हवापाण्याची नंतर. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. तिथे रुग्णालयात येईल त्याचीच नोंद, असं न ठेवता कर्मचारी गावोगाव फिरू लागले, ते याच गळतीमुळे.

आता भागाकार, म्हणजे दर लाख लोकांमागे रुग्ण किती. इथे वय आडवं येतं. समजा, साठीच्या आतल्या लोकांत दर लाखामागे ४० रुग्ण आणि साठीपुढच्यांत ४००, हे प्रमाण सगळीकडे अगदी सारखं आहे. ज्या गावात म्हातारी माणसं १० टक्के, तिथला दर ७६ येईल. जिथे २० टक्के, तिथे ११२. आजरा, चंदगड, भुदरगडची तरुण पोरं पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला, आईवडील गावात. अशा गावांचा आकडा काहीही न घडता फुगतो. म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढून तो एकाच ठरावीक लोकसंख्येवर बसवतात आणि मगच तालुक्यांची तुलना करतात. भाजकासाठी २०११ ची जनगणनाच हाताशी असेल, तर इचलकरंजीसारख्या वाढत्या शहराचा आकडा अंदाजाने पुढे न्यावा लागतो. तो अंदाज कमी पडला की शहर विनाकारण लाल होतं.

सगळ्यात जास्त फसवतात ते लहान आकडे. तोंडाच्या कॅन्सरचा दर सोयीसाठी लाखाला १० धरू. तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला ०.३ रुग्ण अपेक्षित. अशी हजार गावं असतील तर त्यातल्या ३५ ते ४० गावांत निव्वळ योगायोगाने एकाच वर्षी दोन किंवा अधिक रुग्ण निघतील. त्या प्रत्येक गावात लोक नदीच्या पाण्याकडे किंवा उसावरच्या फवारणीकडे बोट दाखवतील. त्यांची शंका चूक आहे असं नाही. फक्त त्या दोन रुग्णांवरून ती खरी की खोटी, हे ठरवता येत नाही.

याच दराने गगनबावड्यात वर्षाला ३.५ रुग्ण अपेक्षित. निघाले ७. दुप्पट! पण ७ या आकड्याची ९५ टक्के खात्रीची मर्यादा साधारण २.८ ते १४.४ येते, म्हणजे खरं प्रमाण अपेक्षेच्या ०.८ पट ते ४.१ पट काहीही असू शकतं. पाच वर्षं एकत्र केली आणि १७.५ ऐवजी ३५ निघाले, तर पट तीच, दोन. मर्यादा मात्र १.४ ते २.८. आता दखल घ्यायला हवी. म्हणून एका वर्षाचा गाववार नकाशा काढूच नये. तीन ते पाच वर्षं एकत्र करावीत आणि लहान गावाचा दर शेजारच्या गावांच्या सरासरीकडे थोडा ओढून घ्यावा. शिवाय वाडीवस्तीच्या नकाशावर एकच ठिपका असला की तो कुणाचा, हे अख्ख्या गावाला कळतं. लोकांसमोर तालुक्याचे नाहीतर गावांच्या गटाचे रंग ठेवावेत, घरांचे ठिपके नव्हेत.

डोळ्यांनाही नकाशा चकवतो. शाहूवाडी, राधानगरीचं रान अफाट आणि माणसं थोडी. इचलकरंजी टिकलीएवढी आणि माणसं खच्चून. क्षेत्रफळ रंगवलं की जंगलच आजारी दिसतं.

आणि गडद रंग टिकलाच तर? अमेरिकेत १९७५ साली जिल्हावार कॅन्सर-मृत्यूंचा नकाशा छापला गेला. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा पट्टा दिसला. चौकशीत धागा दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणीपर्यंत, तिथल्या ॲस्बेस्टॉसपर्यंत गेला. म्हणजे नकाशा आजचा, पण कारण तीस वर्षांपूर्वीच्या नोकरीत. आपल्याकडे आयुष्यभर मुंबईच्या गिरणीत राबून निवृत्तीनंतर गडहिंग्लजला परतलेला माणूस नकाशावर गडहिंग्लजचाच दिसणार. त्याच अमेरिकी नकाशात आग्नेयेकडच्या खेड्यांत बायकांच्या तोंडाच्या कॅन्सरचा डाग होता. रुग्ण बायका आणि त्याच भागातल्या, तो आजार नसलेल्या बायका अशा दोन्ही गटांना सवयी विचारल्या, तेव्हा हिरडीशी तपकीर धरून ठेवण्याची सवय हे कारण निघालं. आपल्या तालुक्यांत असा डाग दिसला तर पाण्याचे नमुने जरूर घ्यावेत, पण त्याच फेरीत बायकांना हेही विचारावं : मिसरी लावता का, दिवसातून किती वेळा, आणि कितव्या वर्षापासून?