हॅपिसबर्ग (उच्चार : हेझब्रा)

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक परगण्यातील एक गाव. इंग्रजीत नाव एच-ए-पी-पी-आय-एस-बी-यू-आर-जी-एच असे लिहितात आणि ‘हेझब्रा’ असे म्हणतात. देवनागरीत लिहायला बसले की पंचाईत होते : अक्षरांना जागावे तर ‘हॅपिसबर्ग’, कानाला जागावे तर ‘हेझब्रा’. प्रस्तुत नोंदीत दोन्ही रूपे वापरली आहेत, कारण नोंदीचा विषयच तो आहे.

नावाची फोड सरळ आहे. हॅप हे अँग्लो-सॅक्सन काळातील कुणा पुरुषाचे नाव आणि ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदीची जागा, आपल्याकडच्या गढीसारखी. म्हणून ‘हॅपची गढी’. हा हॅप कोण होता याचा मागमूस उरलेला नाही, पण त्याचे वजन एका गावापुरते नसावे. ज्या जुन्या महसुली विभागात हे गाव येई, त्या ‘हॅपिंग’चे नावही त्याच मूळ नावावरून, ‘हॅपची माणसे’ या अर्थाने, पडले आहे.

नॉर्मन राजवटीत १०८६ साली झालेल्या डूम्सडे बुक या जमीनपाहणीत गाव ‘हापेसबुर्क’ असे नोंदले आहे. शेवटचा ‘क’ हा लेखनिकांचा. फ्रेंच वळणाच्या या कारकुनांना इंग्रजीतला घशातला ध्वनी परका होता. जवळचे वाटले ते अक्षर त्यांनी लिहिले. पुढे मधल्या षष्ठी प्रत्ययाचा ‘एस’ मध्ययुगीन लेखनात ‘इस’ झाला, आणि त्यातून आजचे ‘हॅपिस’ आले. ‘बुर्ह’च्या वाट्याला तर इंग्लंडभर तीन रूपे आली : कँटरबरीतले ‘बरी’, पीटरबरोतले ‘बरो’ आणि येथले ‘बर्ग’. तिसऱ्याचा उच्चार लिहिल्यासारखा होत नाही. मराठी वाचकाला हे नवे नसावे. एडिनबरो आपण ‘एडिनबर्ग’ म्हणत नाही.

लेखन असे स्थिरावत असताना बोली मात्र थांबली नाही. आघात नसलेला मधला स्वर गळाला, ‘प’ पुढच्या ‘स’मध्ये विरला, शेपटाचे ‘ब्रा’ झाले. नॉरफोकमध्ये ही मोडतोड नेहमीची आहे. जवळचे वायमंडहॅम तोंडी ‘विंडम’ होते, कॉस्टेसी ‘कॉसी’. बाहेरचा माणूस तोंड उघडताच ओळखू येतो तो यामुळे.

बोलीतले रूप कागदावर आले ते समुद्रात. गावासमोरच्या, जहाजांना घातक ठरलेल्या वाळूच्या दांड्याचे नाव नकाशांवर ‘हेझबरो सँड’ असे आहे, तेही उच्चाराला जुळणाऱ्या स्पेलिंगने. त्यालगतची वाट ‘हेझबरो गॅट’. गावातले दीपगृह १७९० साली बांधले ते याच दांड्यापासून जहाजे वाचवण्यासाठी. म्हणजे दीपगृह एका स्पेलिंगचे आणि ज्या धोक्याची ते सूचना देते तो दुसऱ्या स्पेलिंगचा. नावे दोन नाहीत, हे नवख्याला कुणीतरी सांगावेच लागते.

जगभर पोचले ते जमिनीवरचे स्पेलिंग. मे २०१३ मध्ये येथील किनाऱ्यावर आठ लाख वर्षांहून जुने मानवी पावलांचे ठसे उघडे पडले. आफ्रिकेबाहेर त्या वेळी ज्ञात असलेल्यांत ते सर्वांत जुने होते. दोनेक आठवड्यांत लाटांनी ते पुसले, पण शास्त्रीय लेखनात ‘हॅपिसबर्ग’ रुजले.

ज्या लाटांनी ठसे उघडले आणि पुसले, त्याच लाटा गावाचा मऊ कडाही खात आहेत. शेजारचे व्हिंपवेल हे मध्ययुगीन गाव असेच समुद्रात गेले. त्याचे नाव आज हॅपिसबर्गलगतच्या ‘व्हिंपवेल ग्रीन’ या वाडीपुरते उरले आहे.