गणितातली गाठ काढायची कशी?

निरगाठ असो की सुरगाठ, टोक हाती लागलं की आज ना उद्या सुटते. गणितातल्या गाठीला टोकच नसतं. दोरीची दोन्ही टोकं जोडून टाकलेली. अणू म्हणजे ईथरमध्ये (सगळं अवकाश भरून राहिलंय असं तेव्हा मानलं जाणारं माध्यम) पडलेली भोवऱ्याची गाठ असावी, अशी कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८६७ मध्ये मांडली आणि एडिंबरोचे पीटर टेट पुढे गाठींचे तक्ते करायला बसले. कल्पना बाद झाली, तक्ते उरले.

पंचाईत चित्रांची. एकच गाठ कागदावर कितीही तऱ्हांनी काढता येते. चित्रात दोरी जिथे स्वतःलाच ओलांडते तो छेद. दहा छेदांच्या दोन गाठी तक्त्यांत वेगवेगळ्या म्हणून पाऊणशे वर्षं नांदत होत्या; त्या एकच आहेत हे १९७४ मध्ये दाखवलं केनेथ पर्को या न्यूयॉर्कच्या वकिलाने!

संगणकाला चित्रापेक्षा आकडे बरे. डाउकर आणि थिसलथ्वेट या गणितज्ञांची १९८३ची युक्ती साधी आहे: दोरीवरून चालत जायचं आणि छेद आला की पुढचा आकडा टाकायचा. प्रत्येक छेदावरून दोनदा जाणं होतं, त्यामुळे त्याला एक विषम आणि एक सम आकडा मिळतो. तीन छेदांच्या गाठीत १ची जोडी ४शी, ३ची ६शी, ५ची २शी. विषम आकडे क्रमानेच येतात, म्हणून नुसतं ‘४ ६ २’ लिहिलं की झालं. याच वाटेने १९९८ पर्यंत सोळा छेदांपर्यंतच्या १७,०१,९३६ गाठींची मोजदाद झाली.

पण ‘४ ६ २’ बघून गाठ डोळ्यांपुढे येते थोडीच? व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट शॅराइन यांनी ‘नॉटप्लॉट’ हा प्रोग्रॅम लिहिला तो गाठ दिसावी म्हणून. त्यात दोरी म्हणजे छोट्या काड्यांची साखळी. शेजारच्या काड्या एकमेकींना धरून राहतात, बाकीच्या दूर लोटतात; एकीने दुसरीच्या आरपार जायचं नाही, एवढा दंडक. गुंतवळ हळूहळू सैल होत सुबक आकाराला येते. हे बघत बसावंसं वाटतं, आणि माझ्या मते त्या प्रोग्रॅमचं निम्मं यश त्यातच आहे.

जेफ्री वीक्स यांच्या ‘स्नॅपपी’ या प्रोग्रॅमचा रोख वेगळा होता: गाठीभोवतीच्या अवकाशाची भूमिती मोजणं. मार्क कलर आणि नेथन डनफील्ड यांनी त्याला पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणलं. तिथे गाठ माउसने काढता येते. तीन छेदांची काढा आणि एका छेदावर क्लिक करा. वरचा धागा खाली जातो आणि उरतं ते नुसतं कडं.