मोबाईल हातात असताना छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा का?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लग्नसराई जवळ आली, सहल ठरली किंवा बारावीच्या मार्कांवर मुलीला काही द्यायचे झाले, की दुकानात हा प्रश्न येतोच. उत्तर घरागणिक बदलते. ज्यांना गरज नाही त्यांनी कॅमेऱ्यात पैसे घालू नयेत, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी चुकीचा कॅमेरा घेऊन हिरमुसू नये, एवढ्यासाठी हे पत्रक काढले आहे.

किमती विचारण्याआधी मोबाईलची गॅलरी उघडा आणि गेल्या वर्षभरातले फसलेले फोटो शोधा. चांगल्या फोटोंपेक्षा फसलेले फोटोच तुमची गरज सांगतात. ते कशामुळे फसले? माणूस लांब होता म्हणून, उजेड कमी होता म्हणून, की समोरचे हलत होते म्हणून? फसलेले फोटो फारसे सापडलेच नाहीत, तर तुमचा मोबाईल पुरेसा आहे. मग त्या पैशांतून चांगल्या फोटोंचे प्रिंट काढा, अल्बम करा.

लांबचे फोटो फसत असतील, तर छोटा कॅमेरा तुमच्या खऱ्या उपयोगाचा. हतनूर धरणावर हिवाळ्यात येणारे पक्षी, सारंगखेड्याच्या यात्रेत रिंगणात नाचणारा घोडा, शाळेच्या स्टेजवर मागच्या रांगेत उभा असलेला आपला मुलगा. मोबाईलवर बोटांनी चित्र मोठे केले की बहुतेक वेळा असलेलेच चित्र कापून ताणले जाते. कॅमेऱ्यात ऑप्टिकल झूम असतो, म्हणजे लेन्सची भिंगे खरोखर पुढेमागे सरकतात आणि बारकावे टिकतात. कॅननच्या एसएक्स 740 या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याला 40 पट ऑप्टिकल झूम आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो. अशा लांब झूमच्या लेन्समधून उजेड कमी आत येतो. याच कॅमेऱ्यात पूर्ण झूमवर उजेड आत घेणारे छिद्र एफ 6.9 इतके बारीक होते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). सकाळच्या उन्हात पक्षी छान येईल. दिवेलागणीला तोच पक्षी अस्पष्ट येईल.

कमी उजेडाचे गणित वेगळे आहे आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. कानबाईची रात्र आठवा. घरात एक ट्यूबलाइट, समोर देवीची मांडणी, बायका गाणी म्हणत बसलेल्या. अशा वेळी स्वस्त कॅमेरा चांगल्या मोबाईलपेक्षा वाईट फोटो देतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. मोबाईल एका क्षणात अनेक फोटो घेतो आणि ते जोडून एक स्वच्छ चित्र बनवतो. साध्या कॅमेऱ्याला हे फारसे जमत नाही, त्याचा सगळा भरवसा सेन्सरवर. सेन्सर म्हणजे उजेड झेलणारी चिप. ती शेततळ्यासारखी समजा, तोंड जितके मोठे तितका पाऊस जास्त साठतो. स्वस्त आणि लांब झूमच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत 1/2.3 इंच प्रकारचा सेन्सर असतो, साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर. एक इंच प्रकारचा सेन्सर (हे नुसते नाव, खरे माप नव्हे) 13.2 बाय 8.8 मिलिमीटर असतो, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. सोनीचा आरएक्स 100 मार्क 7 आणि कॅननचा जी 7 एक्स मार्क 3, दोन्ही 2019 सालचे, या मोठ्या सेन्सरचे आहेत. रिको जीआर 3 आणि फुजीफिल्म एक्स 100 व्हीआय यांचा सेन्सर त्याहून मोठा, पण त्यांना ऑप्टिकल झूम नाही आणि किंमतही तशीच मोठी. रात्रीसाठीच कॅमेरा हवा असेल तर सेन्सर निदान एक इंच प्रकारचा घ्या. तेवढे बजेट नसेल तर थांबा, स्वस्तातला घेऊन समाधान मिळणार नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, झोक्यावरच्या मुली, धावणारे नातवंड असे हलते फोटो फसत असतील, तर छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश कामाला येतो. त्याचा झगमगाट क्षणभराचा पण जोरदार असल्याने हालचाल गोठते. मोबाईलचा एलईडी दिवा तसे करू शकत नाही. मात्र हा फ्लॅश चारपाच पावलांपलीकडे फारसा पोचत नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. 4 बाय 6 इंचाच्या उत्तम प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेल लागतात, 8 बाय 12 ला साधारण नऊ, आणि 12 बाय 18 इंचाच्या भिंतीवरच्या फोटोलाही वीस पुरतात. ऑनलाइन दिसणारे अनोळखी नावाचे, दोनचार हजारांचे "48 मेगापिक्सेल, 16 एक्स झूम" कॅमेरे घेऊ नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो. तो आकडा बहुधा चित्र ताणून फुगवलेला असतो आणि झूम डिजिटल, म्हणजे मोबाईलवर बोटांनी करता तोच. खोक्यावर "ऑप्टिकल" हा शब्द आहे का ते बघा.

नामांकित कंपन्यांची मॉडेल कमी का दिसतात, असेही लोक विचारतात. 2010 साली जगभरात दहा कोटींहून अधिक छोटे डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. 2023 साली वीस लाखही नाहीत. मोबाईलने ती बाजारपेठ घेतली. आता तरुणांमुळे मागणी पुन्हा थोडी वाढली आहे, त्यामुळे चांगल्या मॉडेलांसाठी कधी वाट पाहावी लागते. घाईत परदेशातून आणलेला, बिलाविना मिळणारा माल घेऊ नका. भारतातली वॉरंटी त्याला मिळेलच असे नाही. सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही घेण्याआधी विचारा, आम्हालाही विचारा.

आपल्या खान्देशातले ऊन आणि धूळ

हा भाग कंपन्यांच्या जाहिरातीत नसतो, म्हणून नीट वाचा. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचे तापमान शून्य ते 40 अंश सेल्सिअस लिहिलेले असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44 च्या वर जातो, आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कुटीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. तिथे कॅमेरा ठेवून लग्नाला जाऊ नका. बॅटरी खराब होते. भर उन्हात मागचा पडदा दिसत नाही, म्हणून शेतात किंवा तोरणमाळला दिवसभर फोटो काढणाऱ्यांनी डोळा लावून बघण्याचा व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा घ्यावा. स्वस्त कॅमेऱ्यांत तो नसतो.

धूळ त्याहून वाईट. या कॅमेऱ्यांची लेन्स चालू करताना बाहेर येते आणि बंद करताना आत जाते, जाताना बारीक कण ओढून नेते. लेन्स काढता येत नसल्याने घरी आतून साफ करता येत नाही, आणि सरकणारी नळी अडकली तर दुरुस्तीचा खर्च जड जातो. यात्रेत, जिनिंगजवळ, कच्च्या रस्त्यावर कॅमेरा बंद करून झिपच्या पाऊचमध्ये ठेवा. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर भिंगावर बुरशी धरते.

शेतकरी ग्राहकांसाठी एक वेगळी सूचना. ई-पीक पाहणीचे फोटो मोबाईलवरच्या ॲपमधूनच घ्यावे लागतात, कारण त्यासोबत जागेची नोंद जाते. त्या कामाला कॅमेरा चालत नाही. केळीच्या बागेचे, घडांचे फोटो व्यापाऱ्याला लगेच पाठवायचे असतील तरी मोबाईलच सोयीचा. कॅमेऱ्यातून वायफायने फोटो मोबाईलवर घेता येतात, पण तेवढा वेळ जातो.

जुना कॅमेरा कपाटात पडून असेल तर नवा घेण्याआधी तो बघू या. बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका, तशीच वेगळी घेऊन या. चार्ज होत असेल तर अडचण बहुधा कार्डाची असते. फार जुने कॅमेरे 2 जीबीपर्यंतचीच कार्डे वाचतात, त्यानंतरचे 32 जीबीपर्यंतची, आणि आजकाल दुकानात 64 जीबीची कार्डे समोर मांडलेली असतात. योग्य कार्ड घातले की पुष्कळ जुने कॅमेरे चालू लागतात.

दुकानात येताना मोबाईल सोबत आणा. तेच दृश्य मोबाईलवर आणि कॅमेऱ्यावर काढून, दोन्ही 4 बाय 6 च्या कागदावर छापून तुमच्या हातात देऊ. प्रिंटसाठी मोबाईलवरचा फोटो व्हॉट्सॲपने पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो लहान होऊन येतो आणि तुलना खोटी ठरते.