शिशाच्या खाणीतली उचल: ‘बार्गेन’च्या हिशेबाची पार्श्वभूमी

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या शिशाच्या खाणींत कामगाराला पगार नव्हता, असं सरसकट लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. डर्बीशायरमध्ये जुन्या रिवाजाने साधा माणूसही शीर, म्हणजे खडकातला खनिजाचा पट्टा, शोधून तिच्यावर हक्क सांगू शकत असे. उत्तरेकडे ऑल्स्टन, ॲलनडेल, वेअरडेल या खोऱ्यांत खाणी मोठ्या जमीनदारांच्या नाहीतर लंडनच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) भागधारकांच्या कंपनीच्या हाती होत्या, आणि तिथे हिशेब ठेवायची पद्धत वेगळीच घडली. ऑल्स्टनची जमीन राजाविरुद्धच्या १७१५ च्या बंडानंतर जप्त झाली आणि १७३५ मध्ये खलाशांसाठीच्या एका रुग्णालयाकडे गेली. जमीनमालकाला काढलेल्या खनिजातला ठरलेला वाटा द्यावा लागे, त्यामुळे मोजमापाची वही हवीच होती.

मोजमाप ‘बिंग’मध्ये होई. एक बिंग म्हणजे धुतलेलं आठ हंड्रेडवेट खनिज (एक हंड्रेडवेट म्हणजे सुमारे ५१ किलो). वितळवलेलं शिसं मात्र ‘फॉदर’मध्ये मोजत. लंडनचा फॉदर साडेएकोणीस हंड्रेडवेटचा, उत्तरेकडचा त्याहून जड. वह्या जुळवताना डोकं इथेच फिरतं.

‘बार्गेन’ म्हणजे चार ते आठ जणांच्या टोळीने कंपनीच्या एजंटशी साधारण तीन महिन्यांपुरता केलेला करार: अमुक जागेतून खनिज काढू, दर बिंगला इतके शिलिंग. नुसता खडक फोडून बोगदा पुढे न्यायचा असेल, तर दर फॅदमवर, म्हणजे सहा फुटांवर ठरे. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींसारखा जाहीर लिलाव इथे नसे. शीर बघून एजंट भाव सांगे आणि घासाघीस होई. मेणबत्त्या, बंदुकीची दारू, अवजारांना धार लावायचा खर्च, सगळं टोळीच्या खात्यातून वजा. शीर फुगली तर चंगळ, आटली तर कर्ज.

खरा वाद ‘लेंट मनी’चा आहे. आपल्याकडे याला सरळ उचल म्हणू, आणि मराठी वाचकाला ऊसतोडीची उचल आठवणं साहजिक आहे. पण ती हंगामाआधी एकरकमी मिळते आणि मधे मुकादम असतो. इथे ती महिन्याच्या महिन्याला थेट मिळे आणि वर्षअखेरच्या ‘पे’च्या दिवशी कमाईतून वळती होई. कमाई कमी भरली की बाकी पुढच्या वर्षाच्या पानावर. या बाकीच्या रकान्यावरून काही अभ्यासक ‘वेठबिगारी’ असा निष्कर्ष काढतात. मला तो घाईचा वाटतो. वर्षभर थांबावं का लागे, ते आधी पाहायला हवं. हिवाळ्यात पाणी गोठलं की खनिज धुण्याची कामं बंद. ती कामं मुख्यतः पोरं करत, तीही थंडी ओसरल्यावर. मग खनिज भट्टीवर, शिसं तट्टांच्या पाठीवरून न्यूकॅसलला, तिथून जहाजाने लंडनला, आणि विक्री झाल्यावर पैसा. त्यात त्या शतकात सुट्या नाण्यांचा कायम दुष्काळ. कंपनीच्या हातीच पैसा उशिरा येई. अर्थात ती थांबू शकत होती, खाणकऱ्याचं घर थांबू शकत नव्हतं. म्हणून उचल ही निव्वळ मेहेरबानीही नव्हती: टोळी दुसऱ्या खाणीकडे वळू नये, हा हिशेब तिच्यात होताच.

असाच फसवा शब्द ‘शॉप’. वहीत दिसला की कंपनीचं दुकान असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती खाणीजवळची निवाऱ्याची खोली. लांबून येणारे आठवडाभर तिथे दाटीवाटीने झोपत.

बार्गेनवाला माणूस स्वतःला नोकर समजत नसे, याचा पुरावा पुढच्या शतकात मिळतो. घरी गाय, थोडं गवताचं रान. गवत कापायच्या दिवसांत खाण ओस पडे. १८४० च्या दशकात ॲलनडेलच्या खोऱ्यातल्या ॲलनहेड्सला नव्या मुख्य एजंटने आठवड्याला आठ तासांच्या पाच पाळ्या भरल्याच पाहिजेत असा आग्रह धरला आणि त्या भरतात की नाही हे बघायला देखरेख बसवली. खाणकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: खनिजाचे पैसे देता, मग तास कशाला मोजता? १८४९ मध्ये काही महिने संप चालला आणि तो फसला. पुढाकार घेणाऱ्यांची कामं गेली आणि त्यांच्यातले बरेच जण कुटुंबासह अमेरिकेला निघून गेले.